पाणी जाते कुठे?

आज मी आपल्याशी मोटारीच्या इंजिनाविषयी चार शब्द बोलणार आहे. हे ऐकून वक्ता कोणी यंत्रविशारद असावा अशी आपली समजूत होईल, म्हणून ती प्रथमच दूर करतो. माझे शिक्षण तत्त्वज्ञान घेऊन एम्. ए. पर्यंत झाले. पोटापाण्याचा उद्योग म्हणजे सरकारी हिशेब तपासणे, आणि त्या नोकरीच्या निमित्ताने काही वर्षांपासून मी चेन्नईस राहतो. यंत्रशास्त्राशी माझा संबंध एवढाच की, जुनाट रोग्याला भोगून भोगून वैद्यकाचे जसे थोडेफार ज्ञान होते, तसे मला इंजिनाच्या तापाचे झाले आहे. त्या ज्ञानाची फी मी भरलेली आहे. आपणांवर ती भरण्याची पाळी येऊ नये, एवढ्याच हेतूने हे भाषण.

चेन्नईच्या उन्हाळ्याची कल्पना महाराष्ट्रात बसून येणार नाही. विदर्भाचे ऊन अधिक कडक खरे, पण ते कोरडे असते. इथे समुद्राची दमट हवा आणि ऊन दोन्ही एकदम अंगावर येतात. मे महिन्याच्या आरंभापासून सुमारे पंचवीस दिवसांच्या काळाला इथले लोक अग्निनक्षत्र म्हणतात. बोलीत त्यालाच 'कत्तिरि' असे नाव आहे. ३१ मे २००३ रोजी शहरातील नुंगम्बाक्कम येथे पारा ४५ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत अण्णा सालैवरच्या एखाद्या चौकात तांबड्या दिव्यापुढे दहा मिनिटे उभे राहिले म्हणजे माणसाच्या आधी गाडी घामाघूम होते.

माझी गाडी तेव्हा दहा वर्षांची होती. २०१९ च्या एप्रिलात तिच्या तापमानाचा काटा मध्यावरून थोडा वर सरकू लागला. मी बॉनेट उघडून पाहिले, तो प्लॅस्टिकच्या टाकीतील पाणी खालच्या खुणेच्याही खाली गेलेले. मी पाणी घातले, काटा खाली आला आणि मी निर्धास्त झालो. आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. पुढे पुढे तर रोज सकाळी अर्धा लिटरची बाटली घेऊन गाडीपाशी जाणे, हा तुळशीला पाणी घालण्यासारखा माझा नित्यनेम होऊन बसला. एका कारखान्यात गाडी दाखविली. तेथील मेस्त्रीने बॉनेटखाली ओझरते पाहिले आणि सांगितले, "जुनी गाडी, उन्हाचे दिवस. पाणी लागणारच. घालत जा." मला हवे होते तेच उत्तर मिळाल्यामुळे मीही दुसरा प्रश्न केला नाही.

ते वर्ष चेन्नईला पाण्याच्या दुष्काळाचे होते. पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरम्बाक्कम हे शहराला पाणी देणारे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले होते. जुलैच्या १२ तारखेला जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची गाडी पाणी घेऊन शहरात आली, ही गोष्ट आपण वर्तमानपत्रांत वाचली असेल. आमच्या वाड्यावस्तीतही टँकर येई आणि बादल्यांच्या रांगा लागत. अशा दिवसांत रोज अर्धा लिटर पाणी मी त्या इंजिनात घालीत होतो. तेही कूपनलिकेचे, खारट आणि जड. साबणाला फेस येऊ न देणारे ते पाणी लोखंडाला मात्र मानवेल, असे मी गृहीत धरले होते!

जून महिन्यात साताऱ्याहून आई आली. तंजावर पाहण्याची तिची फार दिवसांची इच्छा होती. बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाच्या इतिहासाचा मराठी शिलालेख आहे. तमिळ देशात भिंतीवर कोरलेली आपली भाषा डोळ्यांनी पाहावी, असे तिच्या मनात होते. आम्ही पहाटे निघालो. आई, पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि मागे पाण्याच्या चार बाटल्या. चेंगलपट्टू मागे पडले. तिंडिवनम ओलांडल्यावर काटा चढू लागला आणि तांबड्या रेघेला टेकला. मी वेग कमी करून थांबायला जागा पाहतो आहे, इतक्यात चमत्कार झाला. काटा सरसर खाली आला आणि थेट तळाशी जाऊन बसला.

मुलगा म्हणाला, "बाबा, उतरला ताप!"

मलाही तसेच वाटले आणि मी गाडी पुढे हाकली. दोनतीन मैल गेलो असू नसू. इंजिनातून खडखड आवाज आला, पुढून वाफेचा लोट उठला आणि गाडी बंद पडली.

मी उतरलो, बॉनेट उघडले, हातरुमाल गुंडाळून रेडिएटरच्या टोपीला हात घातला. मुलगा माझ्या कोपराशी वाकून पाहत होता. तेवढ्यात मागे थांबलेल्या लॉरीतून एक वयस्क ड्रायव्हर धावत आला. "वेण्डाम सार, वेण्डाम!" म्हणत त्याने माझे मनगट धरून बाजूला ओढले. 'वेण्डाम' म्हणजे 'नको'. मग त्याने शर्टाची बाही वर करून आपला हात दाखविला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजून आकसलेली होती. त्याला हिंदी येत नव्हते आणि माझे तमिळ बाजारापुरतेच. पण त्या हाताला भाषांतराची गरज नव्हती.

आम्ही रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसलो. मी आईला सांगू लागलो की, दोन महिने मी गाडीची किती काळजी घेत होतो, रोज न चुकता पाणी कसे घालीत होतो. तिने ऐकून घेतले आणि सहज विचारले, "अरे, रोज घालत होतास, तर ते पाणी जात कुठं होतं?"

श्रोतेहो, मी हिशेबतपासनीस आहे. एखाद्या खात्याने वर्षात तीन वेळा पुरवणी रक्कम मागितली, तर 'आधीची गेली कुठे?' हा प्रश्न विचारण्याचाच मला पगार मिळतो. तो प्रश्न मी दोन महिन्यांत एकदाही त्या टाकीला विचारला नाही. आणि घरातल्या रांजणाला चीर गेली की तो रिकामा करून उलटा घालणाऱ्या आईला मात्र तो प्रथम सुचला.

माझ्या या चुकीला एक जुने कारण आहे. लहानपणी खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसडर गाड्या मी कितीदा पाहिल्या होत्या. वळणावर क्लीनर डबा घेऊन धावत, रेडिएटरमध्ये पाणी ओतत. त्या गाड्यांतून जादा पाणी आणि वाफ बाहेर पडून वाया जात असे, म्हणून गाडीला पाणी 'लागते' ही समजूत त्या काळी फारशी चुकीची नव्हती. आजच्या गाडीत ती चुकीची आहे. आज तापून फुगलेले पाणी बाजूच्या टाकीत जाते आणि इंजिन निवाले की परत येते. ही व्यवस्था बंदिस्त आहे. बंदिस्त व्यवस्थेत पाणी वरचेवर कमी होत असेल, तर ते कोठून तरी निसटते आहे एवढाच त्याचा अर्थ. उन्हाचा त्यात दोष नाही.

ही व्यवस्था थोडक्यात समजून घेऊ. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या शक्तीपैकी, ढोबळ मानाने, एक तृतीयांश चाकांच्या कामी येते. एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप ते पाणी फिरवितो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते वाऱ्याने निवते. १९०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने मर्सिडीझ गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला, तेव्हापासून ही कल्पना मुळात तीच आहे. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा एक द्वारपाल असतो. इंजिन गार असेपर्यंत तो दार लावून बसतो आणि साधारण ८० ते ९० अंशांना ते उघडतो.

आणि रेडिएटरची ती टोपी! ती नुसते झाकण नव्हे. ती आतला दाब हवेच्या दाबाहून सुमारे एक वातावरणाने अधिक राखते आणि त्यामुळे शंभर अंशांना उकळणारे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरचे तत्त्व तेच. टोपी उघडली की दाब क्षणात नाहीसा होतो, शंभरावर तापलेल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडावर येते. त्या लॉरीवाल्याच्या हाताची कथा हीच असणार. या इवल्या वस्तूचा आणि चेन्नईचा आणखीही एक संबंध आहे. येथील सुंदरम फास्टनर्स या कारखान्याने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेतील जनरल मोटर्सला रेडिएटरच्या टोप्या पुरविण्याचे काम मिळविले आणि भारतीय सुट्या भागांच्या निर्यातीत ते एक गौरवाचे उदाहरण ठरले.

आता निदानाकडे वळू. आपल्या आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आगाऊ चिन्हे, रूप म्हणजे प्रकट लक्षणे, उपशय म्हणजे उपचार करून पाहिलेली परीक्षा, आणि संप्राप्ती म्हणजे रोग वाढण्याचा क्रम. माधवकराच्या ग्रंथात प्रत्यक्ष रोगांचा आरंभ ज्वरापासूनच होतो. इंजिनाच्या ज्वरालाही ही पाच साधने चपखल लागू पडतात, असे मला पुढे दिसून आले.

पूर्वरूप म्हणजे टाकीतील पातळी. ती सकाळी, इंजिन गार असताना पाहावी. ती महिनोन् महिने एका खुणेवर राहिली पाहिजे. दुसरे चिन्ह जमिनीवरचे थेंब. येथे एक सावधगिरी हवी. दमट हवेत एअर कंडिशनर लावला की गाडीखाली पाण्याची धार लागते. ते निव्वळ हवेतील बाष्प होय, त्याची चिंता नको. कूलंट हिरवे, तांबडे किंवा निळे असते, बोटांना बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. चव मात्र कधीही घेऊ नये. त्यातील एथिलिन ग्लायकॉल हे गोड असूनही विष आहे. मुले, कुत्री, मांजरे यांपासून सांडलेले कूलंट दूर ठेवावे.

रूप म्हणजे तो काटा. पण काटा फसवितो, हे मी अनुभवाने सांगतो. तापमान मोजणारा कोंब पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपले की तो नुसत्या हवेत राहतो आणि काटा खाली येऊ शकतो. आम्ही 'ताप उतरला' म्हणून आनंद केला, तेव्हा रोग्याची नाडी बंद पडत होती. चढलेला काटा कारणावाचून एकाएकी पडला, तर तो चढल्यापेक्षाही अधिक घाबरण्याचा प्रसंग समजावा.

उपशयाच्या परीक्षा साध्या आहेत. गाडी रहदारीत उभी असता तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष पंख्याचा. त्याचा फ्यूज, रिले किंवा मोटर पाहावी. उलट, गावात ठीक असते आणि वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर क्षारांनी चोंदला असावा, किंवा त्याच्या पापुद्र्यांत धूळ आणि किडे अडकले असावेत. वरची रबरी नळी कढत आणि खालची गार लागत असेल, तर बहुधा थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा रेडिएटर तुंबला आहे. काटा वर असताना गाडीतला हीटर लावून पाहावा. गरम हवा आली तर पाणी फिरते आहे. गार आली तर पाणी उरलेले नाही किंवा फिरत नाही. चेन्नईत जून महिन्यात हीटर लावणे म्हणजे काय हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तो हीटर इंजिनाची उष्णता आपल्याकडे घेऊन त्याला थोडा दिलासा देतो, हेही खरे.

राहिली गळती, म्हणजे मूळ कारण. पाणी तीन वाटांनी जाते. एक, उघड बाहेर: नळ्यांच्या सांध्यांतून, पट्ट्यांतून, रेडिएटरच्या शिवणीतून. दोन, लपून बाहेर: हीटरच्या जाळीतून गाडीतल्या गालिच्याखाली, किंवा पंपाच्या खालच्या एका बारीक छिद्रातून. हे छिद्र मुद्दामच ठेवलेले असते. पंपाचे आतले सील झिजले की तेथून थेंब येतो आणि धन्याला सूचना मिळते. तीन, आत: सिलिंडरवरची गॅस्केट फुटली की पाणी जळणाच्या कोठीत किंवा तेलात शिरते. मग मागून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो, तेलाच्या डिपस्टिकवर चहात दूध पडल्यासारखा रंग दिसतो, किंवा टाकीत सतत बुडबुडे येतात.

यांतील नेमकी वाट कोणती, हे ठरविण्यासाठी कारागिराजवळ एक छोटा हातपंप असतो. इंजिन गार असताना तो टोपीच्या जागी बसवितात आणि टोपीवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात. दहापंधरा मिनिटे त्याचा काटा हलला नाही, तर बाहेर गळती नाही. काटा पडू लागला की दिवा घेऊन शोधावे. पाणी स्वतःच आपली जागा दाखविते. काटा पडतो पण थेंब कोठेच दिसत नाही, तर संशय आतल्या वाटेवर घ्यावा.

माझ्या गाडीचे निदान पुदुपेट्टैतील एका वृद्ध मेस्त्रीने केले. मोटारींच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेली चेन्नईतील ती पेठ. गाडी ओढून तेथे आणली, तेव्हा त्याने प्रथम काहीच उघडले नाही. दिवा घेऊन तो पंपाखाली वाकला आणि मला बोलावून दाखविले. लोखंडावर एक वाळलेली, पांढुरकी रेघ होती, खारट पाण्याच्या घड्यावर उमटते तशी. छिद्रातून येणारा थेंब कढत लोखंडावर जागच्या जागी वाळत होता, म्हणून जमिनीवर कधी पडला नाही. कूलंट केव्हाच निघून गेले होते. त्याच्या जागी मी भरलेल्या जड पाण्याने क्षार आणि गंज यांना आवतणच दिले होते. संप्राप्ती म्हणतात ती ही: आधी एक झिजलेले सील, मग उणे झालेले पाणी, मग बाटलीने झाकलेली उणीव, आणि शेवटी तापून वाकलेले सिलिंडर-हेड आणि फुटलेली गॅस्केट. पंप वेळीच बदलला असता तर जो खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पट मी भरला. खर्चाचे दुःख विसरता येते. मुलगा माझ्या कोपराशी वाकून उभा होता, ते मात्र विसरता येत नाही.

म्हणून प्रवासाला निघणाऱ्यांना दोनचार गोष्टी सांगून पुरे करतो. काटा चढू लागताच एअर कंडिशनर बंद करावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' हा विचार सर्वांत महाग पडतो. इंजिन बंद करून किमान अर्धा तास, उन्हात त्याहूनही अधिक, वाट पाहावी. वरची नळी हाताला सोसवेल इतकी निवाल्यावर, जाड फडके घेऊन, तोंड बाजूला ठेवून टोपी थोडीथोडी फिरवावी. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये, धातू तडकतो. अडचणीत साधे पाणी घालावेच लागले, तर घालावे. पण घरी परतल्यावर ते काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट भरावे, आणि ते मिसळायचे असेल तर शुद्ध केलेल्या, क्षारविरहित पाण्यात. किती पाणी घातले ते एका कागदावर तारखेनिशी लिहून ठेवावे. त्या कागदावर दुसरी तारीख लिहिण्याची वेळ आली, की बाटली बाजूला ठेवून कारागिराकडे जावे.

विजेवर चालणाऱ्या गाड्या आता आल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांच्या बॅटऱ्यांनाही निववण्यासाठी असेच द्रव फिरवावे लागते, तेव्हा हा विषय पेट्रोलबरोबर संपेल असे दिसत नाही.

पुढल्या हिवाळ्यात आम्ही तंजावरला गेलो. आईने शिलालेखावरून हात फिरविला, मोडी वाचणाऱ्याच्या थाटात दोनचार अक्षरे लावून पाहिली आणि समाधान पावली. परतीच्या वाटेवर तिंडिवनमजवळ चिंचेची ती सावली आली, तेव्हा तिने मागच्या बैठकीवरून विचारले, "पाणी बघितलंस का रे सकाळी?"

मी म्हणालो, "बघितलं. जागच्या जागी आहे."